पालथं ताट

"सगळ्यात मजबूत असेल ते कुलूप दाखवा," बाई म्हणाल्या. "घर आता बरेच दिवस बंद राहणार आहे."

असं गिऱ्हाईक आलं की किल्लीवाल्याची कळी खुलते. माझीही खुलली. मी मागच्या खोक्यातून एक जाडजूड कुलूप काढलं, फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिलं आणि नेहमीचं भाषण सुरू केलं, की हे हातोड्याला दाद देत नाही, पाण्याने गंजत नाही वगैरे. बाईंनी ते तळहातावर तोलून पाहिलं. चेहरा प्रवासाने उतरलेला होता.

"दार कसलं आहे?" मी विचारलं.

"लाकडी. जुनं आहे. कडी जरा वाकडी आहे, वर उचलून लावावी लागते."

"आणि निळा रंग पोपडे धरून उडालाय?"

त्यांनी चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"ती कडी मीच वाकडी बसवली आहे," मी म्हणालो. "क्रेनवाले काका तुमचे कोण?"

"वडील. त्यांना न्यायला आलेय. संध्याकाळच्या गाडीने."

माझी कळी होती तशी मिटली. बाई मात्र आता बोलायला लागल्या होत्या. काही माणसांना घरच्यांसमोर न बोलता येणारं दुकानदारासमोर बोलता येतं. "आई गेली तेव्हाच न्यायला हवं होतं. फोन केला की म्हणतात, मजेत आहे. काय मजेत? एकटा माणूस. उद्या न्हाणीघरात पाय घसरून पडले तर कोणाला कळणार आहे? दार आतून बंद, माणूस आत. तुम्हीच सांगा दादा, कोणाला कळणार?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दुकानात उभ्या उभ्या पटवून देण्यासारखं नव्हतं.

"काका तयार झाले यायला?"

"म्हणाले, आधी माझ्याबरोबर जेवायला चल. मी कुठे जेवतो ते एकदा बघ. मग तू म्हणशील तसं." त्यांनी कुलूप पर्समध्ये टाकलं. "बाबा शब्द फिरवत नाहीत. बॅग भरून ठेवलीय मी. कशी आहे हो ती खाणावळ?"

"उत्तम," मी म्हणालो. माझ्याच माणसाच्या दाराला लावायचं कुलूप मीच विकलं होतं. बाई कोपऱ्यावरून वळल्या तशी मी दुकानाला फळी लावली आणि खाणावळीकडे धूम ठोकली.

आमच्या खाणावळीला नाव नाही. पूर्वी पाटी होती, ती वाऱ्याने पडली. पाटीवाचूनही माणसं जेवायला येतात हे लक्षात आल्यावर अक्काने ती स्वयंपाकघरात ओल अडवायला भिंतीशी उभी केली. आत लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाकं, हात धुवायच्या जागी दोरीला बांधलेला साबणाचा तुकडा आणि एक पंखा, जो फिरता फिरता मध्येच काहीतरी आठवल्यासारखा अडखळतो. फळ्यावर खडूने रोज एकच ओळ असते, 'आज जेवण आहे'. काय आहे ते विचारायचं नाही. अक्का मालकीण आणि स्वयंपाकीणही तीच, त्यामुळे तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध आणि ज्याच्याकडे ते माणूस एकच.

वाढायला गोगलगाय. चांगला दोन पोरांचा बाप आहे, पण हे नाव त्याला अक्काने दिलं आणि चिकटलं. नावाचा राग यायलाही त्याला फार वेळ लागला असावा, कारण तोवर आम्हाला सवय झाली होती.

क्रेनवाले काका इथे यायला लागले ते बायको गेल्यानंतर. सगळी नोकरी त्यांनी मालधक्क्यावरच्या क्रेनमध्ये काढली. इतक्या उंच केबिनमध्ये बसणाऱ्याला दुपारी खाली उतरणं परवडत नाही. काकू डबा घेऊन क्रेनखाली उभ्या राहायच्या, काका दोरी सोडायचे, काकू डबा बांधायच्या आणि डबा वर जायचा. जन्मभर काकांनी दुपारचं जेवण एकट्याने, आभाळात बसून घेतलं. त्यामुळे खाणावळीत पहिल्या दिवशी शेजारी माणसाचं कोपर लागलं तेव्हा ते दचकले होते. आता कोपर लागलं नाही तर दचकतात.

बोलणं कमीच. वरून खाली आवाज पोचत नसतो, म्हणून क्रेनवाले हाताने बोलतात, ती सवय राहिली. तळहात खाली करून हलवला की 'हळू'. बोट फिरवलं की 'वर घे'. मूठ वळून उचलली की 'धरलं, आता सोडू नका.' गोगलगायीला ही भाषा पाठ झाली आहे. तो भात वाढतो, काकांची मूठ वर जाते, भात थांबतो. दोघांचं वर्षभरात भांडण नाही, कारण दोघांपैकी कोणी बोलतच नाही.

आता आमच्या ताटांबद्दल सांगायला हवं. आमच्या जागा ठरलेल्या आहेत. सकाळी अक्का प्रत्येकाच्या जागेवर त्याचं ताट पालथं घालून ठेवते. आलेल्या माणसाने आपलं ताट आपल्या हाताने सुलटं करायचं, मग गोगलगाय वाढणार. ज्याला यायचं नसेल त्याने आदल्या दिवशी सांगून जायचं, म्हणजे ताट मांडलंच जात नाही. आणि जेवणं उरकत आली तरी एखादं ताट पालथंच राहिलं, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याने हात धुऊन उठायचं आणि त्याचं घर गाठायचं. हे सुरू झालं माश्या बसू नयेत म्हणून. पुढे त्याचा नियम कधी झाला ते कोणालाच सांगता येत नाही. मला मागे ताप भरला होता तेव्हा मी दार उघडलं तर समोर काका, हातात डबा, तोंडाने एक अक्षर नाही. मूठ मात्र वर. तेवढ्याने मला इतका धीर आला की मी दाराला टेकून रडलो, आणि ताप आहे म्हणून सांगितलं.

मी धापा टाकत आत शिरलो आणि अक्काला सगळं सांगितलं. तिने ढवळणं थांबवलं नाही. फक्त जरा जोरात ढवळायला लागली.

"पोरगी चुकीचं काय बोलतेय?" ती म्हणाली. "माझा बाप असता तर मीही नेला असता."

"मग जाऊ द्यायचं?"

"तसं कुठे म्हटलं मी?" तिने पळी आपटली. "गोगलगाय, तोंड धू. केस विंचर. आणि आज जरा माणसासारखा चाल."

मग जे झालं त्याला तयारी म्हणायचं की दंगल, ते ठरवणं कठीण. अक्काने घरून पलंगपोस आणला, त्यावर हिरवे पोपट होते, तो आमच्या टेबलावर अंथरला गेला. साबणाचा तुकडा दोरीसकट गेला आणि त्याजागी नवी वडी आली, तिला हात लावायची आम्हाला भीती वाटत होती. फळ्यावरची ओळ पुसून अक्काने लिहिलं, 'सुस्वागतम'. येईल त्याला ती बजावत होती, "भुरके मारायचे नाहीत. काकांना अहोजाहो करायचं."

"काकांना आपण अहोजाहोच करतो," मी म्हणालो.

"मग आणखी करायचं."

शेवटी तिची नजर ताटांवर गेली. "आणि ही पालथी ताटं काय? पोरीला वाटेल खाणावळीला टाळं लागलंय. सगळी सुलटी कर. घरी कशी पानं मांडतात, तशी मांड."

गोगलगाय क्षणभर घुटमळला. पण आज माणसासारखं वागायचं असल्यामुळे त्याने भराभर सगळी ताटं सुलटी केली. आम्ही सगळे बघत होतो. एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

काका मुलीला घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, आणि चेहरा निकालाच्या दिवशीच्या मुलाचा असतो तसा. ताईंनी सगळीकडे नजर फिरवली. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि तोंडभर हसली. तिला तोंडभर हसताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"या ताई, बसा इथे, बाबांच्या शेजारी." ती जागा खरं तर बँडवाल्या मास्तरांची. मास्तर बँडमध्ये ड्रम वाजवतात. कार्यक्रम नसेल तेव्हा टेबल वाजवतात, तेही नसेल तेव्हा मांडी. त्यांचं ताट सुलटं होतंच. ताई बसल्या, गोगलगायीने धावत येऊन भात वाढला आणि निम्मा पोपटांवर सांडला.

समोरच्या बाकावरचा गवंडी उठून उभा राहिला. "नमस्कार साहेब. प्रकृती कशी आहे आपली?"

काकांनी मागे वळून पाहिलं, कोणाशी बोलतोय म्हणून. रोज हा गवंडी त्यांच्या ताटातला कांदा न विचारता उचलतो.

कोणी भुरका मारत नव्हतं. कोणी काही बोलत नव्हतं. पंखा अडखळला तेवढाच आवाज. अक्का दर घासाला येऊन विचारत होती, "काका, मीठ बरोबर आहे ना?" काका मान हलवत होते. ताई शांतपणे जेवत होत्या. भाजी चांगली झाली होती, तेही त्या म्हणाल्या. पण म्हणण्याचा सूर परक्या घरी जेवल्यासारखा होता.

"बाबा, इथे रोज असंच असतं?"

मी खाली पाहिलं. काकांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी पोपटांकडे बघितलं, गोगलगायीच्या चापून विंचरलेल्या केसांकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

ताईंनी हलकेच श्वास सोडला. "मला वाटलंच. बाबा, ही माणसं चांगली आहेत. माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी. पण चांगली माणसं रात्रंदिवस तुमच्याजवळ नसतात ना? जेवण झालं की सगळे आपापल्या घरी. तुम्ही तुमच्या." मग हळू आवाजात, "मला झोप लागत नाही हो बाबा. फोन उचलायला तुम्हाला उशीर झाला की मी पुन्हा पुन्हा लावत बसते."

काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी शब्द दिला होता आणि तो आता पाळावा लागणार, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं. माझ्या शेजारची जागा उद्यापासून मोकळी, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ते काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात त्यांची नजर मुलीच्या ताटावर गेली आणि तिथेच थांबली.

"मास्तर कुठे आहेत?"

"येतील," अक्का म्हणाली.

"येतील म्हणजे? काल सांगून गेले नाहीत तुला?"

"मला नाही. तुम्हाला म्हणाले असतील."

"मला काही म्हणाले नाहीत. मी आलो तेव्हा ताट सुलटं होतं. म्हटलं, येऊन जेवून गेले, मग धुऊन मांडलं." काका सगळ्यांकडे एकेक करून बघत होते. "हे ताट सुलटं कोणी केलं?"

गोगलगायीच्या हातातलं भांडं कलंडलं. अक्काने तोंडावर हात ठेवला. ज्या गोष्टीसाठी काकांनी इथे राहायला हवं होतं, तीच गोष्ट आम्ही पाहुणीला बरं दिसावं म्हणून पुसून टाकली होती. सगळी ताटं सुलटी, म्हणजे सगळी माणसं सुखरूप.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. त्यांचा हात ताटाच्या वरच थांबला होता.

काका उठले होते. हातही धुतला नाही, पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवली तेवढीच. "शेजारी मी बसतो," ते म्हणाले, आणि निघाले.

मी त्यांच्यामागे, ताई माझ्यामागे. रस्त्यात मी ताईंना ताटांचा नियम सांगितला. धावता धावता सांगितल्यामुळे नीट जमला नाही, पण त्यांना कळला असावा, कारण त्यांनी पर्स काखेत मारली आणि मला मागे टाकलं.

मास्तर एका छापखान्याच्या वरच्या खोलीत राहतात. अरुंद जिना चढून आम्ही वर पोचलो तर दार आतून बंद, आणि आतून आवाज येत होता. धड्-धड्-धडाड्, धड्-धड्-धडाड्. शेजारीण दारात बसून भाजी निवडत होती.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "सकाळपासून वाजवतायत. आज जरा जास्तच रंगात आहेत. मधून मधून गातायतसुद्धा."

माझ्या जिवात जीव आला. मी काकांकडे वळलो. काका कान देऊन ऐकत होते.

"जेवायच्या वेळेला?" ते म्हणाले. "मास्तर जेवायची वेळ चुकवत नाहीत. दार उघड."

दोन पेरांएवढी तार आणि थोडी शिव्यांची जोड, एवढ्यात ते दार उघडलं. माझ्या धंद्याबद्दल मी फार बोलत नाही, पण तेवढं नमूद करतो. खोलीत ड्रम कोपऱ्यात, कापड पांघरून उभा. आवाज न्हाणीघरातून. ते दार बाहेरून ढकलून उघडेना, कडी आत अडकली होती. काकांनी आणि मी खांदा लावला. दार उघडलं तेव्हा मास्तर जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले, एक पाय वाकडा, घोटा सुजून टम्म, आणि हातातल्या मगाने ते उलट्या बादलीवर ठेका धरत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हाला बघूनही हात लगेच थांबला नाही.

ताई पुढे झाल्या, खाली बसल्या, त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "कधी पडलात?"

"सकाळी. पाय घसरला. उठता येईना, कडीला हात पोचेना." मास्तरांचा आवाज बसला होता. "बादली वाजवली. हाका मारल्या."

"मला वाटलं गातायत," शेजारीण दारातून म्हणाली. पालेभाजी तिच्या हातात तशीच होती. "आणि वाजवणं तर रोजच्यासारखंच होतं हो."

"अहो मास्तर," मी म्हणालो, "मदतीला बोलवायचं तर जरा बेताल तरी वाजवायचं."

मास्तर दुखण्यातही दुखावले. "हयात गेली वाजवण्यात. बेताल हात पडत नाही माझा. दोनदा प्रयत्न केला."

काका हसले. मग मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ते ताईंना म्हणाले, "पोरी, मी काही घाबरलो नव्हतो. म्हटलं, जेवणाची वेळ होईपर्यंत दम काढायचा. ताट पालथं दिसलं की हे येणारच." मग काकांकडे बघून, "पण आज उशीर केलात तुम्ही. तेव्हा मात्र घाबरलो."

मी भिंतीकडे बघितलं. काकांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उशिराचं कारण सांगितलं नाही. ताई मात्र मास्तरांचा हात धरून तशाच बसून होत्या, आपल्या वडिलांकडे बघत.

आता प्रश्न खाली उतरवायचा. मास्तर म्हणजे हलकं प्रकरण नव्हे. जिना अरुंद, मध्ये वळण, कठडा हलणारा. छापखान्यातले दोन गडी वर आले, त्यांनी खुर्ची आणली, मास्तरांना तीत बसवून चादरीने बांधलं, आणि मग एकाच वेळी सगळे बोलायला लागले. एक म्हणे पाय पुढे, दुसरा म्हणे पाठ पुढे. खुर्ची पहिल्याच पायरीवर कलली, मास्तर ओरडले.

"थांबा," काका म्हणाले.

ते जिन्याच्या खाली गेले, रस्त्यावर, जिथून सगळा जिना दिसत होता. मान वर करून उभे राहिले आणि त्यांनी हात उचलला. आणि काय सांगू, माणूस बदलला. वाकलेली पाठ सरळ झाली. बोट फिरलं, म्हणजे मागचा खूर उचल. तळहात खाली, हळू. मनगट डावीकडे, वळव. आम्ही वर तिघे, घामाने निथळलेले, कोणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांचे डोळे त्या एका हातावर. खुर्ची जिन्याच्या वळणावर आली, कठड्याला घासणार, तोच बोटं मिटली आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. इंचभर मागे. पुन्हा खाली. रस्त्यावर माणसं जमली होती, सायकली थांबल्या होत्या, त्यांतही कोणी बोलत नव्हतं.

ताई वडिलांच्या मागे उभ्या होत्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, "लहानपणी आईचा हात धरून मी क्रेनखाली उभी असायची. वर बाबांचा चेहरा दिसायचा नाही, एवढे ते लांब. डबा वर गेला की खिडकीतून फक्त मूठ बाहेर यायची. आई म्हणायची, धरलं गं त्यांनी, चल आता घरी."

खुर्ची रस्त्याला टेकली तेव्हा काकांची मूठ वर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी खुर्चीच्या हातावर एक जोरदार ठेका दिला, आणि तो अगदी तालात होता.

जवळच्या दवाखान्यात घोटा बघून झाला. हाड शाबूत होतं, पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन पडून राहा. मास्तर म्हणाले, "जेवून." त्यांना पुन्हा खुर्चीतून उचललं. पुढे काका हाताने वाट मोकळी करतायत, मागे आम्ही, खुर्चीत मास्तर दोन्ही हातांनी वाजवतायत, त्यांच्यामागे भाजी निवडणारी शेजारीण, छापखान्याचे गडी, आणि काय चाललंय ते न कळताही सामील झालेले पाच-पंचवीस. जन्मभर दुसऱ्यांच्या मिरवणुकीत वाजवलेल्या माणसाची स्वतःची मिरवणूक खाणावळीत शिरली.

कोणीही जागचं हललं नव्हतं. कामाला जायची वेळ टळून गेली तरी सगळे ताटांपुढे बसून होते. पलंगपोस गेला होता. साबणाचा तुकडा दोरीला परत आला होता. अक्का आली, तिने मास्तरांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि त्यांना इतकं झापलं, की न्हाणीघरात बसायची हौस होती तर आदल्या दिवशी सांगून जायचं, ताट मांडलं नसतं. झापता झापता ती रडत होती आणि रडता रडता भात वाढत होती.

मग आम्ही जेवलो. गार झालेलं, पण जेवलो. सगळ्यांनी भुरके मारले. गवंड्याने काकांच्या ताटातला कांदा उचलला आणि काकांनी त्याचा पाव. मास्तर एका हाताने जेवत होते आणि दुसऱ्याने टेबल वाजवत होते. ताईंना बसायला जागा नव्हती, त्या मास्तरांच्या आणि काकांच्या मध्ये कशाबशा अंग चोरून बसल्या. दोन्हीकडून कोपरं लागत होती. त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

"दादा," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "हे परत घ्याल?"

काकांचा घास हातातच राहिला.

"दुकानात पाटी आहे," मी म्हणालो. "विकलेलं कुलूप परत घेतलं जात नाही."

"बरं." त्यांनी जरा विचार केला. "मग बाबांच्या दाराच्या दोन किल्ल्या करून द्या. एक मला. एक अक्कांना."

मी मान हलवली. काकांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं आणि ते भात कालवत राहिले. तो कितीतरी वेळ कालवून झालेला होता.

जेवणं आटोपली. गोगलगाय आपल्या नेहमीच्या चालीने एकेक ताट गोळा करून धुऊन आणत होता. निघताना तो रोज प्रत्येकाला एकच विचारतो. त्याने काकांना विचारलं, "उद्या?"

काका मुलीकडे बघायला लागले. शब्द त्यांनी दिला होता, निर्णय तिचा होता, आणि तो तिच्या तोंडून आल्याशिवाय ते मूठ वळणार नव्हते.

ताईंनी गोगलगायीच्या हातातलं धुतलेलं ताट घेतलं, पदराने कोरडं केलं, आणि काकांच्या जागेवर पालथं घातलं. सरळ झालंय की नाही ते बघून, बोटाने जरासं फिरवून नीट केलं.

काकांनी मूठ वर केली.

"धरलं," ताई म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या.